दोन पाट्या

मैत्रिणींनो, आमच्याकडे पाटी म्हटलं की दोन वस्तू डोळ्यांपुढे येतात. एक दुकानाची, नावाची. दुसरी बांबूची, मासळीची, बाईच्या डोक्यावरची. दोन्ही सकाळी रस्त्याच्या कडेला उतरतात, दोन्ही रात्री घरी जातात. दोन्ही जागा अडवतात. पण उठवायची वेळ आली की त्यातली एकच उठवली जाते. कोणती, ते हे मासिक वाचणारीला सांगायला नको.

जूनच्या पहिल्या पावसात मी पडले. पूर्णा गावात, ठाणे–भिवंडी रस्त्याच्या कडेला, सकाळी पावणेआठला. गटारावर सिमेंटची झाकणं टाकून झालेली जी पट्टी आहे तिला आम्ही फुटपाथ म्हणतो, जिथे ती आहे तिथे. तिच्यावर एक लोखंडी चौकट उभी होती. पायाशी दोन विटा, अंगावर ताणलेला फ्लेक्स. ती चुकवायला खाली रस्त्यावर उतरले, पाय खड्ड्यात गेला आणि मागून कंटेनर आला. शेजारणीनं दंडाला धरून ओढलं म्हणून आज हे लिहिते आहे. गुडघ्याला टाके पडले, ते भरलेही. त्या चौकटीवर काय लिहिलं होतं ते मात्र डोक्यातून जात नाही: ‘पॅकिंगसाठी मुली पाहिजेत. जवळ राहणाऱ्यांना प्राधान्य.’

जवळ राहणारी म्हणजे कोण? चालत येणारी. तिला कामाला बोलावणारी पाटी तिच्याच वाटेवर उभी करायची आणि तिला कंटेनरच्या चाकाकडे उतरवायचं. बरं, हे कोणी दुष्टपणानं केलेलं नाही. ज्यानं ती चौकट ठेवली त्याला त्या पट्टीवरून कोणी चालतं हे सुचलंच नाही. तो मोटरसायकलवरून येतो.

पूर्णा, राहनाळ, वळ, काल्हेर, दापोडे ही आमची गावं तुम्ही पाहिली नसतील, पण तुमच्या घरात आलेली खोकी यांच्यापैकीच कुठल्यातरी गावातून आलेली असतात. मुंबईच्या जकातीबाहेर आणि तरी मुंबईच्या दाराशी, म्हणून इथे भातशेतीच्या जागी गोदामं उभी राहिली. 2017 साली वस्तू व सेवा कर आला, जकात गेली. गोदामं गेली नाहीत, उलट वाढली. 2007 पासून भिवंडी परिसराच्या गावांचं नियोजन मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आहे. मेट्रो 5 च्या मार्गावर काशेली, काल्हेर, पूर्णा, अंजूरफाटा अशी स्थानकांची नावं आहेत. 2018 च्या डिसेंबरात तिचं भूमिपूजन झालं. कंटेनरसाठी रस्ता, मालासाठी शेड, मेट्रोसाठी खांब, सगळ्यांसाठी नकाशात जागा निघाली. गोदामात आठ-दहा तास उभं राहून खोकी चिकटवणारी मुलगी संध्याकाळी साडेसातला घरी कशी जाईल, हे कोणत्या नकाशात आहे ते मला अजून कोणी दाखवलेलं नाही.

आणि जी हातभर पट्टी आहे, तिच्यावर पाट्या. मोबाईल दुरुस्ती. रूम भाड्याने. गोदाम भाड्याने. साड्यांचा सेल. ‘एका महिन्यात दहा किलो वजन कमी करा.’ या शेवटच्या पाटीवर एक गोरी, सडपातळ बाई हसत असते. मी तिच्याकडे रोज बघते. ती बाई सकाळी नऊपासून रात्री दहापर्यंत एकाच जागी उभी राहते. तिला कोणी विचारत नाही की बाई, इथे का उभी आहेस, कोणाची वाट बघतेस, घरी कोणी नाही का. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी 2011 साली मुंबईवर एक पुस्तक लिहिलं, ‘व्हाय लॉइटर?’ या नावाचं. सार्वजनिक जागेत बाईला काहीही कारण नसताना नुसतं असण्याचा हक्क आहे, असं त्यात मांडलं आहे. आमच्या रस्त्यावर तो हक्क फक्त फ्लेक्सवरच्या बाईला मिळाला आहे. स्त्रीदेहाच्या असभ्य चित्रणाविरुद्ध 1986 चा कायदा आहे, त्यासाठी आपण मोर्चे काढले, पोस्टरांना काळं फासलं. चित्रात काय आहे हे आपण पाहिलं. चित्र कुठे उभं आहे, कोणाच्या पायाखालची जागा खातं आहे, हे पाहायचं मात्र आपल्याकडून राहून गेलं.

आता कायद्याकडे वळते. कंटाळा करू नका, कारण यातच गंमत आहे.

महाराष्ट्रातल्या बहुतेक महानगरपालिका 1949 च्या ज्या अधिनियमानं चालतात, त्याच्या कलम 230 मध्ये एक यादी आहे. परवानगीवाचून रस्त्यावर काय ठेवायचं नाही? मांडणी, खुर्ची, बाक, पेटी, शिडी, गठ्ठा, फळी किंवा अशी कोणतीही अडथळा करणारी वस्तू. लगेच पुढच्या 231 व्या कलमात अशा वस्तू नोटीस न देता उचलण्याचा अधिकार आयुक्तांना दिला आहे, आणि रस्त्यावर विकायला मांडलेला मालही त्यातच येतो. म्हणजे कायद्याच्या डोळ्यांत दोन्ही पाट्या सारख्याच. दुकानदाराची चौकट आणि मासळीवालीची टोपली शेजारी शेजारी बसल्या आहेत, एकाच पानावर. जाहिरातींचं नियमन वेगळं, त्यासाठी 244 आणि 245 ही कलमं. शिवाय मालमत्ता विद्रूपीकरणाचा 1995 चा राज्याचा कायदा आहे, त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड आहे. कायदे कमी आहेत असं कोणी म्हणू नये.

मग गाडी येते तेव्हा टोपली का उचलते आणि चौकट का ठेवते?

जवळच्याच एका शहरात मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. गाडी आली. चौघी भाजीवाल्या आणि एक मासळीवाली पळाल्या. मासळीवालीचं वय झालेलं, तिला पळता आलं नाही. तिची पाटी गाडीत गेली, वजनकाट्यासकट. तिथून पाच पावलांवर मिठाईच्या दुकानाचा माणसाइतका उंच फलक फुटपाथच्या बरोबर मध्यभागी उभा होता. गाडीवरच्या माणसानं तो हातानं बाजूला सरकवला, कारण त्याला पाटी उचलायला तिथून जायचं होतं, आणि जाताना पुन्हा जागेवर ठेवला. मी विचारलं, हा का नाही? तर म्हणाला, “ताई, तो काय पक्का नाही. रात्री आत घेतात.”

टोपली पक्की असते का हो? ती तर संध्याकाळी डोक्यावर बसून घरी जाते.

हलवता येतं म्हणून अतिक्रमण नाही, हा न्याय फलकाला लागतो. हलवता येतं म्हणून उचलून न्यायला सोपं, हा न्याय टोपलीला लागतो. फलकामागे शटर आहे, शटरमागे मालक आहे, मालकाची कोणाशी ना कोणाशी ओळख आहे. टोपलीमागे एक बाई आहे.

आणि सरकारला पाट्या दिसत नाहीत असं समजू नका. चांगल्या दिसतात. 2022 साली दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून लहानमोठ्या सगळ्या दुकानांवर मराठी पाटी सक्तीची झाली. मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान असता कामा नयेत, असं ठरलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 2023 च्या सप्टेंबरात मुंबईच्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत मिळाली. मला मराठी अक्षरांचा आनंदच आहे. पण ज्या राज्यात पाटीवरच्या अक्षराची उंची मोजायला माणूस मिळतो, तिथे त्याच पाटीनं अडवलेल्या वाटेची रुंदी मोजायला माणूस का मिळत नाही?

मोठ्या फलकांचीही तीच कथा. 31 जानेवारी 2017 ला मुंबई उच्च न्यायालयानं बेकायदा होर्डिंगांविरुद्ध सविस्तर आदेश दिले. तरी 13 मे 2024 ला घाटकोपरला एक अवाढव्य होर्डिंग वादळात पेट्रोल पंपावर कोसळलं आणि 17 माणसं मेली. मग आठवडाभर सगळीकडे मोजमाप सुरू झालं. लहान पाटी असं एकदम कोणाला मारत नाही. ती रोज थोडं थोडं रस्त्यावर ढकलते, मारतो तो ट्रक, आणि पंचनाम्यात ट्रकचा नंबर येतो. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे 2022 या एका वर्षात देशात 32 हजारांहून जास्त पादचारी अपघातात मेले. त्यातले किती जण फुटपाथ सोडून खाली का उतरले होते, हे कोणी विचारून ठेवत नाही.

14 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की अडथळा नसलेला फुटपाथ हा संविधानाच्या 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. चालणाऱ्या माणसासाठी किती जागा मोकळी हवी, याचं मापही इंडियन रोड काँग्रेसनं 2012 मध्ये दिलं आहे: निदान 1.8 मीटर. म्हणजे किती? आमच्या मंडळाच्या बैठकीत आम्ही ते करून पाहिलं. दोघी जणी शेजारी शेजारी, एकीच्या कडेवर मूल, दुसरीच्या हातात पिशवी, आणि समोरून येणारीला अंग चोरावं लागत नाही, इतकी. बैठकीतल्या सगळ्या हसायला लागल्या. “इतकी जागा तर माझ्या स्वयंपाकघरातबी नाही,” एक जण म्हणाली. ती हसली खरी, पण तिनं दोन्ही जागांचं माप एकाच वाक्यात काढून दिलं.

इथे मला आपल्याच लोकांशी थोडं भांडायचं आहे.

फुटपाथ मोकळे करा, ही मागणी शहरातल्या अनेक चांगल्या संघटना करतात. त्यांचं निवेदन वर्तमानपत्रात छापून येतं आणि दुसऱ्या दिवशी गाडी निघते. कोणाकडे निघते? ज्यांच्याकडून प्रतिकार होणार नाही त्यांच्याकडे. आपण चौकटीबद्दल तक्रार करतो आणि टोपली जाते. हे होणार हे माहीत असून ‘अतिक्रमण हटवा’ असं ढोबळ निवेदन देणं हा माझ्या मते निष्काळजीपणा आहे, आणि तो आम्हीही एकदा केला आहे. तेव्हापासून ठरवलं, अतिक्रमण हा शब्दच वापरायचा नाही. कोणती वस्तू, कोणाची, किती वेळ, किती जागा, ते लिहायचं.

फेरीवाल्यांनी ही लढाई कोर्टात फार पूर्वी लढली आहे. 1989 च्या सोदान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं की योग्य नियमनाखाली रस्त्याच्या कडेला विक्री करणं हा धंदा करण्याच्या मूलभूत हक्कात येतो. अहमदाबादच्या माणेक चौकातल्या भाजीवाल्या इला भट्ट यांच्या ‘सेवा’ संघटनेबरोबर ऐंशीच्या दशकात त्याच कोर्टात उभ्या राहिल्या होत्या. मागणी होती दोन टोपल्या मावतील इतक्या जागेची. त्या सगळ्यातून 2014 चा पथविक्रेता कायदा आला. आधी सर्वेक्षण, तोवर कोणाला उठवायचं नाही. हलवायचं तर तीस दिवसांची नोटीस. नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी निदान 40 टक्के आणि त्यांतल्या एक तृतीयांश बाया. माल उचलला तर यादी द्यायची, आणि नाशवंत माल मागितल्यास त्याच दिवशी परत. मासळीवालीला मी हे वाचून दाखवलं तर ती म्हणाली, दुपारभर गाडीत उन्हात पडलेला बोंबील संध्याकाळी परत घेऊन मी काय करू, औक्षण?

पण ऐका, आमच्या पूर्ण्यात हा कायदा लागतच नाही. तो शहरांसाठी आहे. भिवंडीत शिरलं की महापालिका; आमच्याकडे ग्रामपंचायत, आणि तिच्या हातात 1958 च्या अधिनियमातलं कलम 53, रस्त्यावरचे अडथळे काढण्याचं. काढण्याचा अधिकार आहे, बसवण्याची जबाबदारी नाही. गोदामं शहराची, ट्रक शहराचे, मेट्रो शहराची, भाडी शहराची. आणि पाटी घेऊन बसलेल्या बाईपुरतं आम्ही अजून खेडं. शहराचे कर चुकवायला जे गावपण कामी आलं, तेच आता बाईचा हक्क चुकवायला कामी येतं.

मासळीवालीची बाजू घेते म्हणून मला काही भाबडी समजू नका. तीही जागा अडवते. तिच्या पाण्यानं पट्टी निसरडी होते, यावरून माझं तिच्याशी वाजलंही आहे. पण एक फरक मला रोज संध्याकाळी दिसतो. अंधार पडल्यावर गोदामातून सुटलेल्या मुली ज्या भागात पाटीवाल्या बसलेल्या असतात तिथून सावकाश चालतात. जिथे नुसते फलक आहेत तिथे पावलं भरभर पडतात, बोलणं बंद होतं. मोटरसायकलवरून कोणी काही बोललं तर मासळीवाली कोयती हातात घेऊन उभी राहते आणि त्याच्या सात पिढ्या काढते. फलकाला मान वळवता येत नाही. पावसाळ्यात आदिवासी पाड्यांवरच्या बाया शेवळं, टाकळा, कुर्डू घेऊन येतात, चार-सहा आठवडे तेवढा त्यांचा हंगाम. त्यांच्यासाठी त्या पट्टीचा तुकडा म्हणजे दुकान, तिजोरी, बसायची फळी, सगळं काही. फलकाच्या मालकाला मागे आख्खं दुकान आहे. फलक आत गेला तर त्याचा धंदा कमी होईल, बंद पडणार नाही.

असं मी बैठकीत म्हटलं आणि आमच्याच एका मैत्रिणीनं मला गप्प केलं. तिचं आतल्या गल्लीत दोन खणांचं शिवणकाम आणि पार्लर आहे. नवरा गेल्यावर तिनं उभं केलेलं. ती म्हणाली, “माझं दुकान रस्त्यावरून दिसत नाही. नाक्यावर माझी पाटी नसली तर मला कोण शोधणार? तुझ्या फुटपाथापायी मी उपाशी मरू का?” मला चटकन उत्तर आलं नाही. खरं आहे तिचं. रस्त्याला लागून गाळा घेण्याइतका पैसा ज्याच्याकडे आहे त्याला पाटीची गरज कमी, आणि गल्लीत ढकललेल्या बाईला जास्त. सरसकट बंदी घातली की पहिला फटका तिलाच.

स्कॉटलंडमधल्या एडिनबरा शहरानं 2018 च्या नोव्हेंबरात दुकानांबाहेरच्या उभ्या फलकांवर सरसकट बंदी घातली. अंध आणि अपंग माणसांच्या वाटेत ते येत होते, हे मुख्य कारण. तिथल्याही आतल्या गल्लीतल्या दुकानदारांची तक्रार हीच होती. पांढरी काठी घेऊन चालणाऱ्याला आज इथे असलेली आणि उद्या दोन हात पलीकडे सरकलेली चौकट म्हणजे काय, हे डोळे मिटून चार पावलं चालून बघा. खांब पाठ होतो, फलक पाठ होत नाही. म्हणून बंदी चुकीची होती असं मी म्हणणार नाही. पण आमच्या नाक्याला ती जशीच्या तशी चिकटवता येणार नाही.

दोन बैठका भांडून आम्ही जे ठरवलं ते असं. आधी वाट मोजायची. 1.8 मीटर मोकळी निघाली तर उरलेल्या जागेचं बोलायचं. नाही निघाली तर फलक दुकानाच्या स्वतःच्या ओट्यावर किंवा भिंतीला, त्याच्यापुढे इंचभरही नाही. उरलेल्या जागेत पहिला हक्क बसून विकणारीचा. गल्लीतल्या धंद्यांसाठी गल्लीच्या तोंडाशी पंचायतीनं एकच खांब रोवावा, त्यावर सारख्या मापाच्या पट्ट्यांवर सगळ्यांची नावं. शिवणवालीचं, खानावळवालीचं, क्लासवाल्याचं, आणि पट्टीला भाडं परवडेल इतकंच. मैत्रिणीनं विचारलं, माझं नाव खाली आलं तर? म्हटलं, ओळीनं फिरवू. त्यावर ती बरीच निवळली, पण खांब उभा राहीपर्यंत आपली पाटी काढणार नाही असंही तिनं सांगून टाकलं. मी आग्रह धरला नाही.

हे निवेदन घेऊन एका कार्यालयात गेलो तेव्हा समोरच्या साहेबांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, “यात महिलांचा विषय कुठे आहे? हुंडा, दारू, छळ असं काही असेल तर आणा.” तीस-चाळीस वर्षांपूर्वी हुंडा, दारू आणि छळ हे घरातले प्रश्न आहेत असं सांगून अशाच खुर्च्यांनी आपल्याला परत पाठवलं होतं. आता ते आपल्या कोट्यात जमा झाले, आणि रस्ता बाहेरचा म्हणून परत. आमच्यातली सगळ्यात धाकटी, गोदामात जाणारी पोरगी, म्हणाली, “साहेब, तुम्ही इथे कसे आलात?” ते म्हणाले, गाडीनं. “मग तुम्हाला नाही कळणार,” एवढं बोलून ती उठली. शिष्टाचार मोडला खरा, पण मला तिचा अभिमान वाटला.

2011 पासून महाराष्ट्रातल्या पंचायतींमध्ये निम्म्या जागा बायकांच्या आहेत. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असं कायद्यात आहे. ती सभा पुष्कळ गावांत सह्यांच्या वहीत होते, चहा मात्र खरा असतो. तिथेच हा विषय न्यायचा असं आम्ही ठरवलं आहे. वर्तमानपत्रात आधी नाही, कारण वर्तमानपत्रात छापून आलं की गाडी निघते.

निवेदनाचा मसुदा घेऊन मी मासळीवालीकडे गेले. तिला वाचता येत नाही, म्हणून मोठ्यानं वाचला. 1.8 मीटर, ओटा, खांब, पट्ट्या, भाडं. तिनं कोलंबी निवडता निवडता सगळं ऐकलं. मग म्हणाली, “गो बाय, तुमचा नियम होल तवा होल. मी कुठं बसू, ता पयले लिव.”

तो मुद्दा आमच्या मसुद्यात चौथा होता. घरी येऊन पहिला केला. ती कुठे बसते ती जागा, नाक्यावरच्या जांभळाच्या झाडापासून किती पावलांवर, ते तिनं स्वतः चालून मोजून दिलं आहे. महिला सभेची तारीख अजून लागलेली नाही.